अर्ध्यावर थांबवलेलं दळण

सोमवार, २ सप्टेंबर

आले बाई एकदाची! सामान म्हणजे चार खोकी, एक कपाट आणि एक मी. घर वरच्या मजल्यावर आहे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान बाहेर काढून डावीकडे वाकलं की समुद्र दिसतो. घरमालकीणबाईंनी भाडं सांगताना हा समुद्र धरूनच सांगितलं असणार.

जिना इतका अरुंद की कपाट पहिल्याच वळणावर रुसून बसलं. सामानवाल्याने हात वर केले आणि चालता झाला. आता जन्मभर ह्याच्याशेजारी पायरीवर बसायचं का, असा विचार करत होते, तेवढ्यात रस्त्यावरून शीळ घालत जाणारा एक जण थांबला. त्याने कपाट एकदा वरून खालपर्यंत न्याहाळलं, खिशातून पाना काढला आणि दारं, कप्पे, पाय सगळं सुटं करून वर नेऊन परत जोडूनही दिलं. पाना खिशात घेऊन फिरतो, म्हणजे काय करतो म्हणून विचारलं. म्हणाला, संस्थेच्या पिवळ्या बोटीचं इंजिन सांभाळतो. ती संस्था म्हणजे माझंच नवीन ऑफिस! त्याची मोठी बहीणही तिथेच आहे, समुद्राची शास्त्रज्ञ. तिच्यामुळे सगळे आपल्याला 'धाकटा' म्हणतात, आणि हे इतकं सवयीचं झालंय की आपलं खरं नाव आपल्याला पगाराच्या दिवशीच आठवतं, असं सांगून तो गेला. चहासुद्धा घेतला नाही.

बाबांचा फोन आला. पंखा चालतो का, कडी नीट लागते का, शेजारी कोण. सगळ्याची उत्तरं दिली. नवीन गाव मला आवडलं आहे.

गुरुवार, ५ सप्टेंबर

कामाची माहिती झाली. देशोदेशीचे शास्त्रज्ञ आपले आकडे आमच्याकडे पाठवतात, आमच्या यंत्रणेवर त्यांची मोठमोठी गणितं चालतात आणि उत्तरं त्यांना घरबसल्या मिळतात. यंत्रं इथे नाहीतच. ती कुठेतरी दूर मोठ्या शेडमध्ये आहेत, ऑफिसातल्या एकानेही ती पाहिलेली नाहीत. बाबांना सांगितलं की सगळं 'क्लाउड'वर असतं, तर म्हणाले, ढगात ठेवता तर पावसाळ्यात काय करता?

ऑफिसात ह्या यंत्रणेला 'गिरणी' म्हणतात. शास्त्रज्ञ घेऊन येतात ते दळण, उत्तर म्हणजे पीठ, आणि जुनी आवृत्ती काढून नवी बसवायची असली की 'गिरणी बंद'. ही गिरणी बंद करून नवी आवृत्ती बसवण्याचं काम आता माझं. अपडेट झालं की काय बदललं त्याची छोटी सूचना लिहून सगळ्यांना पाठवायची, तेही माझं.

आमच्या साहेबांना मागे 'सबुरीसाहेब' म्हणतात, कारण प्रत्येक वाक्याला सबुरी. त्यांनी एकच नियम तीनदा सांगितला. कुणाचं दळण अर्ध्यावर असताना गिरणी थांबवायची नाही. थांबवावीच लागली तर ज्याचं दळण त्याला फोन करायचा आणि त्याच्या तोंडून 'हो' ऐकायचं. फोन लागला नाही, तर गप्प बसणं म्हणजे हो, असं धरायचं नाही. अपडेट पुढे ढकलायचं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, असं प्रत्येकाच्या मागे लागलं तर अपडेट व्हायचं कधी!

बुधवार, ११ सप्टेंबर

आज समुद्रबाईंकडे जेवायला होते. धाकट्याची ही बहीण. सगळे तिला समुद्रबाई म्हणतात, मी ताई म्हणते. उतारावरच्या वळणावर त्यांचं घर आहे, दोघंच राहतात. आईवडील लवकर गेले, धाकट्याला तिनेच वाढवलं. तो तीस वर्षांचा घोडा झाला तरी ताटातलं सगळं संपवलं का हे ती अजून बघते आणि तो मुद्दाम एक घास ठेवतो. जेवताना दोघांचं अखंड चाललेलं असतं. ती म्हणते बोट जुनी झाली, तो म्हणतो बोटीला नावं ठेवू नकोस, तिला ऐकू जातं.

ताईचं काम मला फार आवडलं. समुद्रात पडलेली वस्तू वाऱ्याने आणि प्रवाहाने कुठे वाहत जाईल, ह्याचं गणित ती आमच्या गिरणीवर करते. नकाशावर एक लाल ठिपका दिसतो, तो सरकत जातो. पिवळी बोट दर आठवड्याला खोल पाण्यात जाते, तिथल्या तरंगत्या मापकांचे आकडे आणते, त्यावर हे सगळं चालतं.

माझं पहिलं अपडेट मंगळवारी, सतरा तारखेला. अकरा वाजता संचालकांना नवी आवृत्ती दाखवायची आहे. साहेब म्हणाले, घाई नाही, सबुरी. मला मात्र घाई आहे. पहिलंच काम वेळेवर झालं पाहिजे.

मंगळवार, १७ सप्टेंबर

झालं! पहिलं अपडेट पार पडलं आणि अकराच्या ठोक्याला नवी आवृत्ती पडद्यावर होती. संचालकांनी माझ्याकडे बघून अंगठा दाखवला.

एकच दळण आडवं आलं होतं. बाकी सगळ्यांना काल दिवसभर फोन केले होते, सगळ्यांनी हो म्हटलं. सकाळी पाहते तर 'सराव' ह्या खात्यावरून काहीतरी चाललेलं. हे खातं विद्यार्थ्यांना हात बसावा म्हणून ठेवलंय. त्यावर कुणाचं नाव नाही, फोन नंबर नाही. नियम म्हणतो थांबा. मी म्हटलं, कुणीतरी पोराने खेळत सुरू केलं आणि विसरून गेला असेल. थांबवलं. अपडेट झाल्यावर जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू करून दिलं. कुणाचं काहीच गेलं नाही. सूचनेत लिहिलं, 'कोणाचंही दळण अडलं नाही.'

नंतर चहाच्या वेळी कळलं. पिवळी बोट काल संध्याकाळी परत आली नाही. बोटीवर कप्तान, एक पाणबुड्या आणि धाकटा. शेवटचा निरोप आला तो इंजिन बंद पडल्याचा. मग वायरलेसच गेला. ताई पहाटेपासून बंदरावरच्या खोलीत बसली आहे आणि शोधबोटींना कुठे जायचं ते तिचा ठिपका सांगतो आहे. तिच्या स्वतःच्या खात्यावर आधीच्या कामांची रांग होती म्हणून तिने पहाटे सरावाच्या खात्यावरून सुरू केलं. तिथे रांग नसते.

म्हणजे ते दळण तिचं.

पण मी ते परत सुरू केलं आहे. तासाभरापेक्षा जास्त थांबलेलं नाही. ठिपका सरकतो आहे, मी स्वतः पाहिला. उद्या ताईला सांगेन. आज तिच्या डोक्याला हे कशाला.

बुधवार, १८ सप्टेंबर

हे नीट लिहिते, म्हणजे मला तरी नीट कळेल.

दुपारी ठिपका बघत होते. तो उत्तरेकडे जातो आहे. शोधबोटी उत्तरेकडे गेल्या, विमानही तिकडेच. सहज म्हणून नकाशावर वाऱ्याचे बाण उघडले. ताई ते उघडत नाही, तिला फक्त ठिपका लागतो, तोही बोटींना फोनवर सांगण्यापुरता. बाण सगळे उत्तरेकडे तोंड करून. मी खिडकीतून बंदराच्या कचेरीवरचा झेंडा पाहिला. तो ताठ दक्षिणेकडे फडफडत होता.

शोधलं, तेव्हा कळलं. नव्या आवृत्तीत आकडे ठेवायच्या जागा बदलल्या आहेत. ज्यांना ज्यांना फोन केले त्यांना मी ही नवी जागा सांगितली होती. सरावाच्या खात्याला कोण सांगणार? दळण परत सुरू झालं तेव्हा त्याला आजचा वारा जुन्या जागी सापडला नाही. मग त्याने सरावासाठी ठेवलेला गेल्या वर्षीचा वारा उचलला. चूक झाली असं कुठेही दाखवलं नाही. काल सकाळपासून ठिपका गेल्या वर्षीच्या वाऱ्यावर चालतो आहे.

मुळापासून दळलं तर बरोबर उत्तर येईल. दोन तासांचं काम. पण मुळापासून दळलं की ठिपका नकाशावर एकदम उडी मारून खाली दक्षिणेला जाईल. खोलीतल्या सगळ्यांना दिसेल. का उडी मारली, म्हणून विचारतील.

मी मुळापासून दळलं नाही. फक्त इथून पुढचा वारा बरोबर करून दिला. ठिपका हळूच वळला आणि खाली यायला लागला. कुणाला काही जाणवलं नाही. मी स्वतःला सांगितलं की झालं दुरुस्त.

झालेलं नाही. चुकीच्या जागेवरून बरोबर वारा लावला तरी जागा चुकीचीच राहते. हे मला कळतं. हे कुणालाही कळेल.

गुरुवार, १९ सप्टेंबर

ताई भेटली. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. माझे हात हातात घेऊन म्हणाली की तुझं नवीन गिरणीचं काम झालं म्हणून बरं, ठिपका आता किती भरभर उत्तर देतो, तुझे उपकार फिटायचे नाहीत. मी काय म्हणाले ते आठवत नाही. काहीतरी म्हणाले.

अजून वेळ आहे. बोटीवर पाणी असतं, बिस्किटं असतात. कप्तान मुरलेला माणूस आहे. आत्ता उठून बंदरावर जायला वीस मिनिटं लागतात. जिन्यापर्यंत गेलेही. मग वाटलं, आधी गुपचूप मुळापासून दळून बघावं, बरोबर जागा काढावी आणि मग काहीतरी निमित्त करून सांगावी. दळलं. जागा आली. खूप खाली, दक्षिणेला. शोधबोटी जिथे आहेत तिथून एका दिवसाच्या अंतरावर.

निमित्त सुचलं नाही. कुठलंही निमित्त घेतलं तरी पुढचा प्रश्न तोच येणार. पडदा बंद केला आणि घरी आले. मी घरी आले, हे लिहायला हवं. कुणी मला अडवलं नव्हतं.

शनिवार, २१ सप्टेंबर

शोध थांबवला. विमान परत गेलं.

ताई ओरडली नाही की रडली नाही. ठिपका जिथे होता तिथे तिने पडद्यावर बोट टेकवलं आणि तशीच बसून राहिली. सबुरीसाहेब तिच्या शेजारी होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी सबुरी म्हटलं नाही.

बाबांना फोन केला. ऑफिसातल्या एकीची गोष्ट म्हणून सांगितली. बाबा म्हणाले, त्या एकीला सांग, आधी त्या बाईकडे जा आणि मग बापाला फोन कर. त्यांना कळलं.

मंगळवार, २४ सप्टेंबर

एका मालवाहू जहाजाला बोट सापडली. दक्षिणेला. मी काढलेल्या जागेच्या अगदी जवळ.

कप्तान आणि पाणबुड्या आत होते. डॉक्टर म्हणाले, दोघंही रविवारपर्यंत जिवंत असावेत. धाकटा बोटीत नव्हताच. इंजिन पूर्ण सुटं केलेलं होतं, एकेक भाग पुसून ओळीने मांडलेला. शेवटपर्यंत तो ते जोडायला बघत असणार.

गुरुवारी मी बोलले असते तर शुक्रवारी बोटी तिथे पोचल्या असत्या. रविवार म्हणजे मध्ये दोन दिवस. हा हिशेब दिवसभर करते आहे. तो कुठूनही केला तरी बदलत नाही.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

ऑफिसला गेले. सरावाच्या खात्यावरचं दळण अजून चालूच. ताईने ते बंद केलं नव्हतं आणि बाकी कुणाला आठवणच नव्हती. मी बंद केलं. जेवून आले तर परत चालू. वाटलं, ताईने केलं. तिला विचारायची हिंमत नाही. पुन्हा बंद केलं आणि त्या खात्याला कुलूपच घातलं.

घरी निघताना पाहिलं. चालू होतं. ठिपका बोट सापडली तिथून निघाला आहे आणि किनाऱ्याकडे येतो आहे. वारा किनाऱ्यावरून समुद्राकडे आहे. बाण पाहिले. बाण बरोबर आहेत. ठिपका बाणांच्या उलट चालला आहे.

सोमवार, ३० सप्टेंबर

ठिपका जमिनीवर आला.

हे होऊच शकत नाही. ताईच्या गणितात जमिनीसाठी आकडेच नाहीत, जमीन म्हणजे नुसती करडी जागा. ठिपका बंदराच्या धक्क्यावर चढला आणि त्या करड्या जागेत सरकू लागला. सगळ्यांनी पाहिलं. साहेब म्हणाले, तुमच्या नव्या आवृत्तीतला दोष दिसतोय, तुम्हीच निस्तरा. कुणीतरी हसलंही.

मी निस्तरायला बसले तेव्हा ताई मागे येऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. म्हणाली, बंद करू नकोस. तिला माहीत आहे की असं होत नसतं, इतकी वर्षं ती हेच शिकवत आली आहे. तरी बंद करू नकोस. तो घरी येतोय.

तिच्या तोंडावर इतक्या दिवसांनी रंग आला होता. मी हात मागे घेतले.

बुधवार, २ ऑक्टोबर

ठिपका माणसाच्या चालीने चालतो. थांबत थांबत. काल बाजारातून गेला, आज बसथांब्यापाशी बराच वेळ होता. मी तिथे गेले. आकाश कोरडं ठणठणीत आणि रस्त्यावर ओल्या पायांचा पट्टा. पोस्टमन कुरकुरत होता, भर रस्त्यात पाणी कोण सांडतंय म्हणून. ऊन लागलं तसं पाणी वाळलं आणि मागे पांढरं मीठ उरलं. बोट लावून पाहिलं. मीठच.

ताईने घर आवरलं आहे. टॉवेल आणि त्याचे कोरडे कपडे खुर्चीवर काढून ठेवलेत. मला मुद्दाम बोलावून दाखवले. निळा शर्ट ठेवू की पट्ट्यांचा, असं विचारलं. मी निळा म्हटलं.

तेव्हा सांगायला हवं होतं. दार लावलेलं होतं, आम्ही दोघीच होतो. पण ती शर्टाची घडी घालत होती आणि—

नाही सांगितलं.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

ठिपका ताईच्या दारात आला. ती उंबऱ्यात उभी होती. मी ऑफिसात, पडद्यासमोर. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. आला घरी, आता संपलं.

तो थांबला. खूप वेळ थांबला. दारातून आत गेला नाही.

मग वळला आणि चढाला लागला.

त्या चढावर बारा घरं आहेत. शेवटचं माझं.

शनिवार, ५ ऑक्टोबर

गिरणीच बंद करायला गेले. सगळीच्या सगळी, कुणालाही न विचारता. नाहीतरी मला सवय आहे. बंद झाली. सगळ्यांची दळणं थांबली, एकूण एक खातं थांबलं. पडदा काळा. काळ्या पडद्यावर लाल ठिपका.

साहेबांनी घरी पाठवलं. विश्रांती घ्या म्हणाले.

ताई आली होती. जिन्यातच बसली, पहिल्या वळणावर. म्हणाली, तो दाराशी आला होता गं. उंबऱ्यावर पाणी होतं. आत का आला नाही? वाट चुकला का? मग माझ्याकडे बघून विचारलं की तुझ्याकडे त्याचं काय काम आहे.

मी म्हटलं, मला माहीत नाही.

हे मी म्हटलं. तोंड उघडलं आणि हेच बाहेर आलं.

ती उद्या सकाळी येणार आहे. त्याचे कपडे घेऊन. तो इथे येतो तर इथे थांबते म्हणाली.

बाबांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, सांगितलंस? त्यांनी फोन ठेवला नाही, मीही नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

सकाळ आहे. लख्ख ऊन. ताई बाहेरच्या खोलीत बसली आहे, मांडीवर निळा शर्ट, समोर माझा लॅपटॉप. मी चहा टाकला आहे आणि ओट्याशी उभी राहून लिहिते आहे. चहा झाला की कप नेऊन ठेवेन आणि सांगेन. बसायचंसुद्धा नाही, उभ्या उभ्याच. ताई, ते दळण मी थांबवलं. मला बुधवारी कळलं होतं. गुरुवारी जागाही कळली होती. तीन वाक्यं तर आहेत.

ती तिथून ओरडून सांगते आहे, आता दोन घरं राहिली.

साखर घातली. सांगते.

आता खालच्या दाराशी—

जिन्यात पावलं. जड. ओली. वळणावर थांबली. वर येताहेत.

ताई उठली. खुर्ची पडली. दार उघडलं तिने, त्याने वाजवायच्या आधीच. हसते आहे ती. हसते आहे आणि रागावते आहे, किती उशीर, किती भिजलास, आधी डोकं पूस. देवा, किती हसते आहे—

तो बोलतो आहे. आवाज त्याचाच आहे. हळू. शब्द कळत नाहीत. वाऱ्याचं काहीतरी. कुठल्या तरी वाराचं.

ती म्हणाली, थांब, नीट सांग.

हसणं थांबलं.

आता जाऊन बोलावं का. त्याचं सांगून व्हायच्या आधी. एक वाक्य जरी माझ्या तोंडून— चहा उतू चाललाय—

तो गप्प झाला. त्याचं सांगून झालं.

ती स्वयंपाकघराच्या दारात आली आहे. हातात टॉवेल तसाच, ओला. तिच्या मागे पाणी टपकतंय. मी लिहीतच राहते, कारण लिहायचं थांबले तर वर बघावं लागेल.

ती ओरडत नाही. रडत नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला आहे आणि अगदी हळू विचारते आहे, दोनच तास लागले असते ना गं, मग मुळापासून का नाही—